बँकेची वास्तू कोणासाठी?

शहरातील कोणत्याही बँकेच्या नव्या शाखेत पाऊल टाकावे, तो बहुधा एकच चित्र दिसते. दर्शनी भागी काचेची भिंत, आत गारठलेली हवा, व्यवस्थापकासाठी प्रशस्त कक्ष आणि खातेदारांच्या वाट्यास भिंतीकडेच्या चार खुर्च्या. व्यापारी बँक असो, नागरी सहकारी बँक असो की जिल्हा मध्यवर्ती बँकेची तालुक्याच्या गावची शाखा असो. पाटी काढून घेतली तर एक दुसरीहून ओळखू येऊ नये. बँकाबँकांची कामे भिन्न, गिऱ्हाईक भिन्न; मग त्यांची घरे एकाच साच्यातून का काढावीत?

पूर्वी बँकेच्या इमारतीचे मुख्य काम भरवसा देण्याचे असे. लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडवर १७८० च्या दंगलीत जमाव चालून गेला होता. १७८८ मध्ये तिचे वास्तुकार झालेल्या जॉन सोन यांनी पुढे रस्त्याकडील भिंतीस खिडकी म्हणून ठेवली नाही. आतील दालनांना उजेड दिला तो वरून. राष्ट्राची तिजोरी सांभाळणाऱ्या बँकेस ते शोभलेही. मुंबईच्या फोर्टातील बँकांचे दगडी खांब याच जातीचे. परंतु दगड ठेवी वाचवीत नाही. १९६० साली पालाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा कोठे १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण आले, तेही प्रारंभी अवघ्या १,५०० रुपयांपुरते. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या दाराशी ठेवीदार ताटकळत उभे राहिले आणि २०२० च्या फेब्रुवारीत ती मर्यादा पाच लाखांवर गेली. भरवशाचे ओझे अंशतः का होईना कायद्याने उचलले आहे. वास्तूने आता खातेदाराच्या सोयीकडे पाहावे.

ही सोय मात्र बँकेगणिक बदलते. जिल्हा मध्यवर्ती बँकेत पीककर्जाच्या दिवसांत अनेक गावांचे शेतकरी एकदमच येतात. त्यांना गुळगुळीत फरशीचे कौतुक नाही. रुंद ओसरी, पिण्याचे पाणी आणि कागद भरण्यास टेबल हवे. बचतगटाच्या स्त्रिया पुष्कळदा मिळून येतात. एका खुर्चीपुढची खिडकी त्यांच्या काय कामाची? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या निमित्ताने बँकांपुढे लागलेल्या रांगा सर्वांनी पाहिल्या आहेत.

नागरी सहकारी बँकेत पगारदार, दुकानदार आणि पेन्शनर यांची वर्दळ. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास आलेल्या वृद्धास पायऱ्या चढावयास लावणे हे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर तरी, अक्षम्यच म्हणावे लागेल. कर्जदाराचे दुःख अधिक नाजूक आहे. दागिने तारण ठेवावयास आलेल्या बाईस शेजाऱ्यांच्या देखत वजनकाट्यापुढे उभे राहावे लागते. तेथे काच नको, भिंत हवी. (व्यवस्थापकांच्या काचेच्या कक्षातही सर्वांची गुपिते सर्वांना दिसतातच!)

मोबाइलवर व्यवहार होत असता शाखेच्या घडणीची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पैसे पाठविण्यापुरते ते खरे आहे. पण मृत पतीच्या खात्यावरील रक्कम मिळविणे, फसवणुकीची तक्रार सांगणे, घरासाठी कर्ज मागणे ही कामे माणसास माणसापुढे बसूनच करावीशी वाटतात, आणि शहरी शाखांतून आता मुख्यतः तीच उरली आहेत. तेव्हा तेथे रोखपालाच्या खिडक्या कमी करून बसून बोलण्याची जागा वाढविली पाहिजे. तालुक्याच्या शाखेत नेमके उलट. तेथे रोखीची गर्दी अजून ओसरलेली नाही. मुख्य कचेरीने धाडलेल्या एकाच नकाशात हा भेद मावणार कसा?

सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावयाच्या असतात. नव्या इमारतीच्या वा सजावटीच्या खर्चास हात वर करण्यापूर्वी सभासदांनी नकाशा मागवावा. आणि वृद्धांची खुर्ची, कर्जदाराची खोली व रांगेवरचे छप्पर त्यात कोठे आहे, एवढे संचालकांस बोट ठेवून दाखवावयास लावावे.