बटण दाबले, पुढे काय?

बस, टॅक्सी यांसारख्या सार्वजनिक वाहनांत जीपीएस यंत्र आणि संकटकाळी दाबायचे ‘पॅनिक बटण’ बसविण्याची सक्ती १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या वाहनांना लागू झाली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये घडलेल्या अत्याचारानंतर प्रवासी महिलांच्या सुरक्षेची जी चर्चा देशभर झाली, तिची पार्श्वभूमी या नियमामागे होती. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याची घटना उघडकीस आली आणि बसमधील सुरक्षेचा प्रश्न पुणेकरांच्या दारात येऊन ठेपला. अशा प्रत्येक घटनेनंतर अधिक यंत्रे बसविण्याची मागणी होते. मात्र बसविलेले यंत्र नेमके कोणाशी बोलते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या यंत्रांचे ‘एआयएस-१४०’ हे मानक पुण्याच्याच ‘एआरएआय’ या संस्थेने प्रसिद्ध केले आहे. उपग्रहांचे संकेत घेऊन यंत्र स्वतःचे ठिकाण काढते. पण ते कोणाला कळवायचे, हे त्याला सांगावे लागते. सर्व्हरचा पत्ता, वाहनाचा नोंदणी क्रमांक, इंजिन चालू असताना व बंद असताना किती वेळाने माहिती पाठवायची, हे सारे छोट्या आज्ञांद्वारे ठरते. या आज्ञा एसएमएसने किंवा इंटरनेटवरून दुरूनच देता येतात. शेकडो गाड्या असल्या की आज्ञांची एकच यादी तयार करून ती संगणकामार्फत सर्व यंत्रांना धाडता येते. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. यादीतील एक आकडा चुकला, तर तीच चूक साऱ्या ताफ्यात पसरते. यंत्राचा दिवा लागतो, उपग्रहही सापडतात; हाक मात्र भलत्याच दारी जाते. एका बसचे यंत्र दुसरीत बसविताना नोंदणी क्रमांक बदलायचा राहिला, तर पोलिस चुकीच्या बसचा शोध घेत बसतील.

दुसरा धोका परक्या हातांचा. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ‘मायकोडस’ या चिनी कंपनीच्या ‘एमव्ही ७२०’ या वाहनशोधक यंत्रातील गंभीर त्रुटी जाहीर केल्या. काही एसएमएस आज्ञा हे यंत्र पासवर्डशिवाय पाळत असे. अशा यंत्राला त्रयस्थ व्यक्तीनेही हुकूम सोडावा, इतके ते उघडे होते.

यावर दुरून आज्ञा देण्याची सोयच काढून टाकणे हा उपाय नव्हे. सर्व्हर बदलला म्हणून प्रत्येक बस आगारात बोलाविणे व्यवहार्य नाही. ‘एआयएस-१४०’ने याचा विचार केलेला आहे. दुरून एखादी सेटिंग बदलली गेली, तर काय बदलले व आज्ञा कोठून आली, याची सूचना यंत्राने नियंत्रण कक्षाला द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. बटणाची तार तोडल्यास इशारा मिळावा आणि वाहनाचा वीजपुरवठा तुटला तरी आतील बॅटरीवर यंत्र चालावे, असेही त्यात अपेक्षित आहे. परंतु इशारे वाचणारे कोणी नसेल, तर ही तरतूद कागदावरच राहते.

शिवाय प्रमाणपत्र मिळते ते यंत्राच्या नमुन्याला. रस्त्यावरील प्रत्येक यंत्रातील सेटिंग त्यानंतर, बसविताना ठरते. म्हणूनच वाहनाच्या योग्यता तपासणीत यंत्र दिसते का, एवढेच पाहून भागणार नाही. इंजिन बंद ठेवून बटण दाबावे आणि त्याच क्रमांकाच्या बसची हाक नियंत्रण कक्षात पोहोचते का, हे ताडून पाहावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे आणि कोणती आज्ञा कोणी, केव्हा दिली याची नोंद ठेवणे हे वाहनचालक संस्थांना बंधनकारक असावे. याला नवे यंत्र किंवा मोठा खर्च लागत नाही. लागते ती जबाबदारी निश्चित करण्याची तयारी. ती दाखविली नाही, तर प्रवाशाच्या हाताशी असलेले बटण केवळ समाधानापुरते उरेल.