ज्यांचं रक्त तपासलं, त्यांनाही वाचू द्या

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री, भारत सरकार, यांस,



माघ पौर्णिमेला एकदा कचारगडला या. सालेकसा तालुक्यातल्या धनेगावापासून गुहेपर्यंतची वाट चार-पाच राज्यांतून आलेल्या गोंड बांधवांनी भरून जाते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड या आमच्या दैवतांचं दर्शन घेऊन उतरलेली माणसं पुस्तकांच्या दुकानांपाशी थांबतात. डॉ. मोतीरावण कंगालींनी गोंडी भाषेवर, कोया पुनेम या गोंड धर्मावर लिहिलेलं इथला माणूस पदरचे पैसे मोडून वाचतो. पण त्याच्यावर झालेलं संशोधन मात्र त्याच्या हाती लागत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघा. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तेव्हापासून विदर्भातल्या किती वस्त्यांमधून रक्ताचे नमुने गेले! रक्त आमचं, संशोधकाचा पगार सरकारचा, प्रयोगशाळा सरकारची. लेख तपासणारे तज्ज्ञही बहुधा मोबदला घेत नाहीत. एवढं झाल्यावर प्रकाशक तोच लेख सरकारी विद्यापीठाला वर्गणी लावून विकतो. लेख सर्वांना मोफत ठेवायचा तर लेखकाकडून शुल्क मागतो. ‘नेचर’नं 2020 मध्ये जाहीर केलेलं हे शुल्क होतं 9,500 युरो, म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक. आधी वाचणारा दाराबाहेर होता, आता लिहिणाराही.

नोव्हेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळानं ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. लहान गावच्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला याचा खरा फायदा आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. पण हा पैसा भाड्याचा आहे. करार संपला की दार बंद. शिवाय सिकलसेलच्या रुग्णांकडे रोज जाणारी आशाताई, जिल्हा परिषदेचा शिक्षक, गावचं वाचनालय यांपैकी कोणीच या योजनेत नाही.

ब्राझीलनं 1998 पासून ‘सायेलो’ उभं केलं. सार्वजनिक पैशावर चालणारी, वाचकाला मोफत नियतकालिकं तिथं एका जागी मिळतात. आपल्याकडे ‘शोधगंगा’वर पीएच.डी.चे प्रबंध कुणालाही उघडता येतात. विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी 2014 सालीच खुल्या प्रवेशाचं धोरण केलं. पण उणीव अंमलबजावणीच्या सक्तीची आहे. सरकारी पैशावरचा प्रत्येक लेख स्वीकारला गेला त्याच दिवशी सरकारी भांडारात आला पाहिजे, नाहीतर पुढचं अनुदान थांबलं पाहिजे. सोबत मराठीत आणि गोंडीत दोन पानांचा सारांश हवा. मात्र देवस्थानाविषयी, रूढींविषयी किंवा आमच्या रक्ताच्या कच्च्या नोंदींविषयी काय खुलं करायचं, हे समाजाला विचारूनच ठरावं.

2027 नंतरच्या करारांची बोलणी आपल्याच खात्याकडे येतील. तेव्हाच्या निधीतला काही वाटा प्रकाशकांना न देता आपल्या विद्यापीठांच्या मोफत नियतकालिकांना द्या, आणि सार्वजनिक वाचनालयांना पहिल्या यादीत घ्या.

आपला,
कचारगडच्या पायथ्याचा एक वाचक