चकतीवर आकडा नसावा

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून गावी परतणारी तरुण मंडळी सामानातून घरी काय काय आणतात, ती यादी दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत असते. एकेकाळी तीत टेपरेकॉर्डर होता, मग मोबाइल आला. आता बीड, अंबाजोगाई, परळीकडच्या सुखवस्तू घरांत ॲल्युमिनियमची एखादी चपटी, कुलूपबंद पेटी येऊ लागली, तर नवल वाटायला नको. झाकण उघडले की आत मखमलीच्या खाचांतून रंगीबेरंगी चकत्यांच्या रांगा, पत्त्यांचे दोन जोड आणि पाच-सहा फासे दिसतात. या चकत्यांना पोकर चिप्स म्हणतात. घरी मित्रमंडळींत पैसे लावून पोकर खेळायचा, तर कोणती पेटी घ्यावी, याची चर्चा आजची शिकलेली पिढी पूर्वी रेडिओ घेताना होई तितक्याच गांभीर्याने करते.

या चर्चेला निमित्तही आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि रमी-पोकरच्या नावाजलेल्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. कायदा योग्य होता. बसल्या जागी पगार गमावण्याची सोय त्याने पुष्कळ अंशी मोडली. परंतु हाताला लागलेली सवय राजपत्रातील अधिसूचना वाचून सुटत नाही. पडद्यावरचा डाव बंद झाला, तर तो दिवाणखान्यातील सतरंजीवर उतरणार, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून या पेटीचा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पत्त्यांचा खेळ म्हटला की नाक मुरडणारा सोवळेपणा येथे अभिप्रेत नाही. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात या खेळांनी मराठी घरांतल्या किती दुपारी गोड केल्या, याचा हिशेब नाही. आजी, नातू, शेजारची वहिनी आणि सुट्टीवर आलेला मामा एका सतरंजीवर बसतात, असा दुसरा प्रसंग आजच्या घरात शोधावा लागतो. सावंतवाडीने गंजिफा जपली. तिच्या गोल पानांवर दशावतार रंगवून खेळालाही एक संस्कार दिला. कोजागरीच्या जागरात अक्षक्रीडेला शास्त्रानेच स्थान दिले आहे आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेचे एक नाव द्यूतप्रतिपदा असे आहे. आपल्या पूर्वजांना खेळाचे वावडे नव्हते. त्याचा घातक बिंदू कोठे आहे, हे मात्र त्यांनी नीट पाहून ठेवले होते.

आता पेटीकडे वळू. विकत घेणारा प्रथम वजन विचारतो. बाजारात साडेअकरा ग्रॅमच्या, साडेतेरा-चौदा ग्रॅमच्या चकत्या मिळतात. वजन जितके अधिक तितकी वस्तू अस्सल, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. ही जडता बहुधा प्लॅस्टिकच्या पोटात दडवलेल्या धातूच्या तुकड्याची असते. खऱ्या कॅसिनोतील मातीच्या मिश्रणाची चकती साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच भरते. व्यास सर्वत्र जवळपास सारखाच, ३९ मिलिमीटरच्या आसपास. चिनी मातीसारख्या सिरॅमिकच्या चकत्या दिसायला सुबक, पण महाग. निव्वळ प्लॅस्टिकच्या स्वस्त, पण हातातून निसटणाऱ्या. दुसरा प्रश्न संख्येचा. सहा ते आठ जणांसाठी ३०० पुरतात, विक्रेते ५०० ची पेटी गळ्यात मारतात. या सगळ्या तपशिलांत गिऱ्हाईक अर्धा दिवस घालवतो. ज्या एका गोष्टीने पेटीचा स्वभाव ठरतो, तिच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे चकतीच्या मधोमध छापलेला आकडा.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा. ५०० च्या पेटीत ५ आणि २५ च्या चकत्या प्रत्येकी १५०, १०० च्या १००, ५०० आणि १,००० च्या प्रत्येकी ५०, अशी वाटणी धरली, तर पेटीत एकूण ८९,५०० चा आकडा झोपलेला असतो. सहा मित्रांनी दिवाळीपुरता माणशी २०० रुपयांचा डाव मांडायचा म्हटले, तर सतरंजीवर येणार १,२०० रुपये. त्याला ५ आणि २५ रुपयांच्या चकत्या पुष्कळ झाल्या. मग उरलेल्या ८८,३०० चे काय? ते पेटीत शांत बसत नाहीत. रात्री अकरानंतर कोणीतरी म्हणतोच, "या पाच-पाचच्या डावात काही मजा नाही राव, ते काळे कॉइन काढा." हाताशी काळी चकती नसती, तर तो हजार रुपये बोलायला धजला नसता.

महाभारतातील सभापर्वाचा प्रसंग येथे वेगळ्या नजरेने वाचण्याजोगा आहे. युधिष्ठिराने पण लावले ते एकेकाचे नाव घेऊन. मोत्यांचा हार, सुवर्णाने भरलेले कुंभ, रथ, हत्ती, अश्व, मग एकेक भाऊ, मग स्वतः आणि अखेरीस द्रौपदी. प्रत्येक वेळी ती वस्तू कोणती, तिचे मोल काय, हे त्याने भर सभेत उच्चारले. एवढे उच्चारूनही तो थांबू शकला नाही, हा त्या कथेचा थरार आहे. चकती येते आणि हा उच्चारच नाहीसा करते. निळ्या दोन चकत्या पुढे सरकवणाऱ्याला 'मुलीच्या शिकवणीची फी' असे म्हणावे लागत नाही. संस्कृतात 'पण' हा शब्द डावावर लावलेल्या वस्तूचाही आणि नाण्याचाही. भाषेने डाव आणि पैसा यांचे नाते उघड ठेवले होते. रंगीत प्लॅस्टिकने ते झाकले.

सोंगट्या-कवड्यांच्या व्यवस्थेचा विचार आपल्याकडे राजनीतीनेही केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात द्यूताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड. कवड्या आणि फासे अध्यक्षाने पुरवायचे, ते कोणी बदलले तर पुन्हा दंड. जिंकलेल्या रकमेतून शंभरास पाच राजाचे. द्यूत पूर्ण बंद करावे असे मनूचे मत, ते डोळ्यांसमोर ठेवावे असे कौटिल्याचे. दोघांत कोण बरोबर, हा वाद विद्वानांवर सोपवू. पण खेळाचे साधन कोणाच्या हातात, यावर खेळाचे चारित्र्य ठरते, एवढे त्या व्यवहारी ब्राह्मणाने अचूक हेरले होते.

बीड जिल्ह्याला ही गोष्ट पुस्तकातून समजावून सांगण्याची गरज नाही. निजामी राजवटीत येथे हाली शिक्का चालत असे. १९४८ च्या मुक्तीनंतरही काही वर्षे हाली आणि कलदार अशी दोन नाणी व्यवहारात होती. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब प्रत्येक खरेदीत मनात करावा लागे. दोन चलने एकत्र आली की साधा माणूस कोठे ठकतो, हे त्या पिढीने अनुभवले. चकती हे घरात आणलेले असेच दुसरे चलन आहे.

त्याहून जवळचा शब्द 'उचल'. दसरा झाला की या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोचा कोयता ठरतो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि आधीच खाल्लेला पैसा पुढचे अनेक महिने फडात घाम गाळून फेडावा लागतो. उचल म्हणजे काय, हे शहरातल्या शिक्षकाला, व्यापाऱ्याला, बँकेतल्या कारकुनाला चांगले ठाऊक असते. त्यावर तो हळहळतोही. मात्र घरच्या डावात खिसा रिकामा झाल्यावर यजमान पेटीतून आणखी शंभर चकत्या काढून देतो, वहीत नाव लिहितो आणि 'नंतर पाहू' म्हणतो, तेव्हा हाच शिक्षक किंवा कारकून उचल घेत असतो. फरक एवढाच की कामगार ती पोटासाठी घेतो.

कायदा काय म्हणतो, तेही सांगितले पाहिजे, कारण 'आपल्याच घरात बसलोय, कोण विचारतो' हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. पत्ते-फाशांच्या खेळात घराला जुगाराचा अड्डा ठरवणारी मुख्य कसोटी अशी की, तेथे जुगाराचे साहित्य घरमालकाच्या किंवा चालवणाऱ्याच्या फायद्यासाठी ठेवले वा वापरले जाते काय. यजमानाने प्रत्येक डावातून चार चकत्या बाजूला काढल्या, अड्ड्याच्या भाषेत 'नाल' काढली, मग ती चहा-फराळाच्या नावाखाली का असेना, की त्या घराचे रूप बदलू लागते. रीतसर छाप्यात सापडलेले जुगाराचे साहित्य हाच, उलट सिद्ध होईपर्यंत, पुरावा मानण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला. पोकरच्या बाबतीत न्यायालयांची मते एक नाहीत. गुजरातमध्येही मूळ हाच मुंबईचा कायदा आहे आणि तेथील उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. बीडच्या वृत्तपत्रांत 'तिर्रट नावाचा जुगार खेळताना' पकडलेल्यांच्या चार ओळी नेहमीच्याच. बाभळीखाली किंवा पडक्या गोठ्यामागे बसलेले सात-आठ जण, काही हजारांची रोकड, पत्ते आणि उभ्या मोटारसायकली असा 'मुद्देमाल'. उघड्यावर, सार्वजनिक जागी खेळणाऱ्याला कायदा लगेच गाठतो. नाल न काढणाऱ्या बंगल्यातील दिवाणखान्यापाशी तो थबकतो. त्यामुळे तिर्रट हे व्यसन आणि पोकर हा बुद्धीचा खेळ, अशी सोयीस्कर वाटणी आपल्या सुशिक्षित वर्गाने करून टाकली आहे. पोकरमध्ये गणित आहे, धीर आहे, माणसे वाचण्याची कला आहे, हे सारे मान्य. पण पैसा लावून खेळणाऱ्या पित्याला शेजारच्या खोलीतून मूल पाहत असते. त्या मुलाला बाभळीखालचा डाव आणि ॲल्युमिनियमच्या पेटीतला डाव यांतील तात्त्विक भेद कळत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात द्यूतकार स्वतःच्या घराची झालेली दशा सांगतो आणि त्याला उपदेश मिळतो तो फासे सोडून शेत कसण्याचा. शेती करणाऱ्या जिल्ह्याला याहून नेमका सल्ला कोणता हवा?

मग पेटी घ्यावी की नाही? घ्यायची तर जरूर घ्यावी, पण निवड उलट बाजूने करावी. जी पेटी रोख डावासाठी सर्वांत सोयीची, म्हणजे जड, आकडे छापलेली, हजाराच्या चकत्यांनी भरलेली, ती घरासाठी सर्वांत गैरसोयीची. कोऱ्या चकत्या मिळतात. त्यांवर नुसती नक्षी असते, किंमत लिहिलेली नसते. दोन रंग पुरे. सहा जणांच्या घराला १५० ते २०० चकत्या भरपूर होतात. वजनाच्या मागे लागू नये, हलकी चकती लहान मुलांच्या आणि आजीच्या बोटांना सोपी जाते. सुरुवातीस प्रत्येकाला सारख्या वाटाव्यात आणि संपल्या त्याने त्या रात्री पत्ते पिसण्याचे काम घ्यावे. पेटीतून पुन्हा काढून देणे नाही, वही नाही, उधार नाही. अखेरीस ज्याच्यापुढे ढीग मोठा, त्याचे कौतुक व्हावे आणि चकत्या मोजून खाचांत परत जाव्यात. पैशाशिवाय पोकरला रंग येत नाही, असे जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. चकत्यांची किंमत शून्य असली, तर खेळाडू बेफिकीर बोली लावतात. परंतु पुन्हा चकत्या मिळणारच नाहीत, हे एकदा ठरले की तोच खेळाडू कसा हात आखडतो, हे एखाद्या रात्री करून पाहावे.

पेटीवर पैसे घालवण्याची इच्छा नसेल, तर जुनी साधने कोठे गेलेली नाहीत. सारीपाटाच्या कवड्या अनेक घरांत अजून असतील. मात्र देवघरातली, तुळजापूरच्या भवानीची कवड्यांची माळ या कामी उतरवायची नाही, हे घरातल्या थोरल्या बाईला विचारले तरी कळेल. आणि कवड्याही नसल्या, तर चिंचोके. चिंचा फोडून झाल्यावर सुपात उरलेले, एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके. एक बाजू तपकिरी, एक पांढरी, म्हणजे दोन रंग आपोआपच झाले.

आकडे छापलेली पेटी घरात आधीच येऊन पडली असेल, तर ती फेकून देण्याचे कारण नाही. ५०० आणि १,००० च्या चकत्या काढून कपाटात वरच्या फळीवर ठेवाव्यात. उरलेल्यांच्या आकड्यांवर मुलांच्या हातून गोल रंगीत कागद चिकटवून घ्यावेत. सुट्टीच्या एका दुपारचे काम आहे.