आंब्याच्या बागेंत एकच जात नको

जळगांव-धुळ्याकडील बागाईतदाराची बुद्धि केळीच्या बागेंत घडलेली आहे. केळीला परागाची गरज नाहीं. तिचें फळ बीजावांचून भरतें आणि पुढील लागवड कंदांपासून किंवा प्रयोगशाळेंतील रोपांपासून होते. त्यामुळें सारख्या झाडांच्या सरळ रांगा म्हणजेच उत्तम बाग, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

आंब्याला ही समजूत लागू पडत नाहीं. दशेरी, लंगडा, चौसा यांना स्वतःचा पराग मानवत नाहीं. बागेंत दशेरीचीं शंभर कलमें असलीं, तरी तीं सर्व मूळ एकाच झाडाच्या फांद्या होत. शेजारच्या कलमाचा पराग तो स्वतःचाच. अशा बागेंत मोहोर भरगच्च येतो, पण धरलेलीं फळें बहुधा वाटाण्याएवढीं होऊन गळतात. मालक खताला दोष देतो, पाण्याला देतो, फार तर नशिबाला! दशेरीजवळ नीलम किंवा एकाच वेळीं मोहोरणारी दुसरी अनुकूल जात हवी. दशेरी व नीलम यांच्याच संकरांतून दिल्लीस मल्लिका व आम्रपाली निर्माण झाल्या. नीलम व हापूस यांपासून झालेली रत्ना वेंगुर्ल्याहून १९८१ सालीं प्रसृत झाली.

म्हणून बांधावरचा गांवठी आंबा ‘निरुपयोगी’ म्हणून तोडणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. कोयीपासून वाढलेलें प्रत्येक झाड निराळें, म्हणून त्याचा परागही निराळा. तो पराग वाहून नेणाऱ्या मुख्यतः माशा व मधमाशा. मोहोर फुललेला असतां विषारी औषध फवारलें, तर त्याच आधीं मरतात. विद्यार्थ्यांनीं या माघांत मोहोरापाशीं उभें राहून त्या मोजाव्या आणि घरीं वडिलांस आंकडा सांगावा.