वजाबाकी फक्त गोवंडीचीच का?

४ जून २०२४ ला ईशान्य मुंबईतून संजय दिना पाटील २९,८६१ मतांनी निवडून आले आणि त्याच संध्याकाळपासून आमच्या भागात एक वजाबाकी ऐकू येऊ लागली. ‘मानखुर्द-शिवाजीनगर काढून बघा, कोटेचाच खासदार होते.’ लोकलच्या डब्यात, बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळीकडे तेच. गणित बरोबर आहे. मानखुर्द-शिवाजीनगरने पाटलांना दिलेली आघाडी एकूण फरकाहून कितीतरी मोठी होती. पण मुलुंडने मिहिर कोटेचांना दिलेली आघाडीही त्या फरकाहून मोठीच होती. ‘मुलुंड काढून बघा’ असं मात्र मला कुणी म्हणालं नाही. मुलुंडचा तो मतदार, मानखुर्द-शिवाजीनगरातल्या गोवंडीची ती मतपेढी. या हिशेबाला माझा आक्षेप आहे.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी पाचवीला पुजलेली. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदारयादीचा भाग बगलेत मारून गोवंडीच्या गल्ल्या हिंडले, केंद्राध्यक्ष म्हणून मुलुंडच्या शाळेत पहाटे मॉक पोल घेत बसले. राजकारण्यांइतका नाही, पण हा मतदारसंघ मी दारोदार पाहिला आहे.

मुलुंड, भांडुप पश्चिम, विक्रोळी, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर असे इथले सहा विधानसभा मतदारसंघ. मुलुंडची आखणी शंभर वर्षांपूर्वीची. तिथे कच्छी-गुजराती आहेत, तमिळ आहेत, मराठी मध्यमवर्ग आहे, मुलुंड कॉलनीत फाळणीनंतर आलेले सिंधी आहेत. भांडुप-विक्रोळी म्हणजे कोकणातून येऊन कारखान्यांच्या भोंग्यावर वाढलेली वस्ती. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे बहुतेक कारखाने गेले, टॉवर आणि मॉल आले. कामगाराचा मुलगा तिथेच सुरक्षारक्षक म्हणून उभा राहिलेला मी पाहिला आहे. घाटकोपरात एकीकडे गुजराती-जैनांचं गारोडिया नगर, दुसरीकडे रमाबाई आंबेडकर नगर, जिथे ११ जुलै १९९७ ला पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली. शेवटचा मानखुर्द-शिवाजीनगर. २०११ च्या जनगणनेत मुलुंडच्या टी वॉर्डाची लोकसंख्या ३,४१,४६३ होती आणि गोवंडी-मानखुर्द ज्यात येतं त्या एम पूर्व वॉर्डाची ८,०७,७२०. एम पूर्वचा काही भाग दुसऱ्या मतदारसंघात जातो हे खरं, तरी माणसं कुठे दाटली आहेत ते कळतं.

आता इतिहास बघा, कारण ‘इथे जातधर्म बघूनच मत पडतं’ म्हणणाऱ्यांना तो सोयीचा नाही. १९६७ साली इथे माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन अपक्ष उभे होते. काँग्रेसने तिकीट नाकारलं होतं. आचार्य अत्रे त्यांच्या बाजूने आणि नुकतीच जन्मलेली शिवसेना विरोधात. काँग्रेसचे स. गो. बर्वे जिंकले. कुर्ल्यातल्या स. गो. बर्वे मार्गावरून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. बर्वे काही दिवसांतच वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. ‘मद्रासी’ माणूस नको, असा तो प्रचार होता. त्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी, १९७७ ला, याच ईशान्य मुंबईने तमिळ सुब्रमण्यम स्वामींना लोकसभेत पाठवलं आणि १९८० ला परत पाठवलं. लुंगीवाल्यांना हुसकावण्याची भाषा जिथे झाली तिथेच!

स्वामींनंतर इथे एकाही खासदाराला सलग दुसरी टर्म मिळालेली नाही. १९८४ ला गुरुदास कामत, १९८९ ला जयवंतीबेन मेहता, १९९१ ला पुन्हा कामत, १९९६ ला प्रमोद महाजन. महाजन तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले आणि दोनच वर्षांनी इथे कामतांकडून पडले. संरक्षणमंत्र्यांशी आमचं काही जुनं वैर असावं. मग १९९९ ला किरीट सोमय्या, २००४ ला कामत, २००९ ला संजय दिना पाटील, २०१४ ला सोमय्या, २०१९ ला मनोज कोटक, २०२४ ला पुन्हा पाटील. मधल्या काळात मतदारसंघाच्या सीमाही बदलल्या, पण हा झोका थांबला नाही. अर्थात दर वेळी मतदारानेच पाडलं असं नाही. सोमय्यांना २०१९ ला आणि कोटकांना २०२४ ला पक्षानेच घरी बसवलं.

यातल्या तीन निवडणुका मला फार बोलक्या वाटतात. २००९ ला पाटलांना २,१३,५०५, सोमय्यांना २,१०,५७२ आणि मनसेच्या शिशिर शिंदेंना १,९५,१४८ मतं. म्हणजे तिघांत जवळपास सारखी वाटणी आणि फरक अवघा २,९३३. पाच वर्षांनी सोमय्यांना ५,२५,२८५ मतं पडली आणि हेच पाटील ३,१७,१२२ मतांनी हरले. २०१९ ला कोटकांनी त्यांना २,२६,४८६ मतांनी हरवलं. गोवंडी तेव्हाही होतीच की! तिथले मुसलमान मतदार काही २०२४ च्या मे महिन्यात वाशीच्या पुलावरून टेम्पो भरून आले नव्हते. बदललं ते भांडुप-विक्रोळीत. २०१४ आणि २०१९ ला शिवसेना भाजपबरोबर होती, आमच्या कन्नमवार नगरातले शिवसैनिक कमळाचं बटण दाबून येत होते. २०२४ ला पाटील शिवसेनेच्या ठाकरे गटाची मशाल घेऊन उभे राहिले आणि त्यातले बरेचसे तिकडे वळले. गोवंडीच्या मतांनी पाटील निवडून आले असं म्हणायचं तर ती मतं जिच्यावर रचली गेली ती खालची मराठी वीटही मोजली पाहिजे. वजाबाकी करणारे ती मोजत नाहीत, कारण मग धर्माची गोष्ट राहत नाही, युती-आघाडीची होते.

सहा महिन्यांत विधानसभेचा निकाल लागला. मुलुंडला कोटेचाच, घाटकोपर पूर्वेला पराग शहा, पश्चिमेला राम कदम, भांडुपला शिंदे गटाचे अशोक पाटील. सहापैकी चार महायुतीला. विक्रोळी सुनील राऊतांनी राखली, मानखुर्द-शिवाजीनगर समाजवादी पक्षाच्या अबू आझमींनी. एकगठ्ठा म्हणतात तो गठ्ठा असा मेपासून नोव्हेंबरपर्यंत सुटतो, फिरतो.

आणि गोवंडीचा ‘गठ्ठा’ कसा दिसतो ते सांगते. यादीतला एक भाग घेऊन शिवाजीनगरच्या गल्लीत शिरलं की पहिलं दार जालन्याच्या मातंग कुटुंबाचं, दुसरं आझमगडच्या जरीकाम करणाऱ्याचं, तिसरं सोलापूरच्या बौद्ध विधवेचं. पत्ता म्हणून यादीत प्लॉट नंबर आणि लाइन नंबर, घर क्रमांकाच्या रकान्यात बऱ्याचदा शून्य. दारात निळा ड्रम, कारण पाणी कधी येईल याचा नेम नाही. बायका आधी विचारायच्या, ‘मॅडम, नाव कटणार तर नाही ना?’ मुलुंडला हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. तिथे विचारायचे, ‘स्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल का?’ नाव कापलं जाईल ही धास्ती ज्याला आहे तो उन्हात तीन तास रांगेत उभा राहतो. २० मे २०२४ ला मुंबईत मतदान किती संथ चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल.

ही वस्ती आभाळातून पडलेली नाही. शहरातल्या झोपड्या उठवून सरकार आणि महापालिकेनेच माणसं इथे आणून टाकली, १९२७ पासून जिथे कचरा टाकला जात आला त्या देवनारच्या डम्पिंगशेजारी. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात एम पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाला होता. जानेवारी २०१६ ला डम्पिंग पेटलं आणि धूर शहरभर पसरला, तेव्हा कुठे बाकीच्या मुंबईला त्याचा वास आला. आज मुलुंड, भांडुप, कांजूरचे लोक धारावीच्या पुनर्वसनासाठी दिलेल्या सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीवरून संतापलेत. त्यांचा संताप मला मान्य आहे. फक्त एवढंच सांगते, शहराला नको ते उचलून पूर्व उपनगरात टाकायचं हे धोरण गोवंडीने मुलुंडच्या कितीतरी आधी भोगलं आहे. या दोघांचं भांडण एकमेकांशी नसून हे धोरण ठरवणाऱ्या एकाच टेबलाशी आहे.

तरी भांडण लावणं सोपं जातं, याचं एक कारण मी ड्यूटीवर पाहिलं. मतमोजणी केंद्रवार होते. कोणत्या शाळेतल्या कोणत्या खोलीत कुणाला किती मतं, हे उमेदवाराच्या हातात कागदावर येतं. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, म्हणजे दोन गल्ल्या किंवा चार इमारती. मग ‘तुमच्या लाइनीतून आम्हाला काय मिळालं ते माहीत आहे’ हे वाक्य नळासाठी गेलेल्या बाईला ऐकवता येतं. मतपत्रिकांच्या काळात गठ्ठे एकत्र मिसळून मोजता यायचे. निवडणूक आयोगाने २००८ साली टोटलायझर सुचवला. बऱ्याच केंद्रांची यंत्रं एकत्र जोडून फक्त बेरीज दाखवणारं हे साधन. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते स्वीकारलं नाही. टोटलायझरने मानखुर्द आणि मुलुंड हे भेद पुसले जाणार नाहीत, विधानसभावार आकडे दिसतीलच. पण गल्लीचा सूड गल्लीवर काढता येणार नाही, आणि माझ्या लेखी ते पुष्कळ आहे.

२०२९ ला जो कोणी इथे उमेदवारी मागेल, मग तो कमळाचा असो, मशालीचा असो की आणखी कशाचा, त्याला मतदारांनी भर सभेत विचारावं: टोटलायझरच्या बाजूने लोकसभेत बोलणार का? हा प्रश्न मुलुंडच्या सभेत विचारा आणि गोवंडीतल्या बैंगनवाडीच्याही.