अणुसहकार्याची कसोटी इंधनाच्या कलमात



भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाच्या आरंभकाळाचे श्रेय काही अभ्यासक केवळ देशी बुद्धिमत्तेला देतात, तर काही पाश्चात्त्यांच्या औदार्याला. वस्तुतः त्या सहकार्याचे मोल अणुभट्टी कोणी दिली यापेक्षा तिचे इंधन कोठून येणार आणि त्याच्या वापरावर देखरेख कोणाची राहणार, या कलमांवरून ठरवले पाहिजे.

१९४६ च्या मॅकमहोन कायद्याने अमेरिकेने अणुविद्या मित्रराष्ट्रांपासूनही राखून ठेवली होती. ८ डिसेंबर १९५३ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ‘शांततेसाठी अणू’ ही कल्पना मांडल्यावर ते धोरण सैल झाले आणि १९५५ मध्ये होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली जिनिव्हात भरलेल्या परिषदेत तोवर गुप्त असलेली बरीच माहिती खुली झाली. या खुलेपणामागे सोव्हिएत संघाशी चाललेली चढाओढही होती, हे विसरता येत नाही.

ट्रॉम्बे येथे १९६० मध्ये कार्यान्वित झालेली ‘सायरस’ भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली आणि तिच्यासाठी जड पाणी, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे द्रव्य, अमेरिकेने पुरवले. ती नैसर्गिक युरेनियमवर चालत असल्याने तिचे इंधन भारताला स्वतः तयार करता येत होते. करारात शांततामय वापराचे वचन होते, परंतु आंतरराष्ट्रीय तपासणीची तरतूद नव्हती. तिच्यातील प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. याउलट १९६३ च्या करारानुसार उभारलेल्या तारापूर केंद्राला समृद्ध युरेनियम, म्हणजे विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले इंधन, अमेरिकेकडूनच घ्यावे लागे आणि तेथे तपासणीही होती. अणुनिर्यातीवर कडक अटी घालणाऱ्या १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर हा पुरवठा अडखळला आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची व्यवस्था करावी लागली.

‘सायरस’च्या सैल अटींमुळे सार्वभौमत्व जपले गेले, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, कारण चाचणीनंतर कॅनडाने सहकार्य थांबवले आणि राजस्थानातील दुसरी अणुभट्टी भारताला स्वबळावर पूर्ण करावी लागली. तारापूरच्या काटेकोर अटींनीही पुरवठ्याची हमी दिली नाही. म्हणून पुढील कोणत्याही अणुकराराची चर्चा मेगावॉटच्या आकड्यांवर थांबू नये. इंधनाचे पर्यायी स्रोत, तपासणीची व्याप्ती आणि करार मोडल्यास होणारे परिणाम सांगणारी कलमे संसदेसमोर व जनतेसमोर आधी मांडली जावीत.

– एक वाचक, मुंबई