खंड पडला म्हणून व्यायाम सोडू नका

जानेवारीत जिममध्ये ट्रेडमिल रिकामी मिळत नाही आणि मार्चमध्ये तीच ट्रेडमिल कुणाची तरी वाट पाहत असते. घरातही वेगळं चित्र नसतं. हौसेनं आणलेली योगा मॅट दोन महिन्यांत कपाटामागे जाते. मग आपण स्वतःलाच आळशी ठरवून मोकळ्या होतो.

पण दरवेळी कारण आळस हेच नसतं. मुलांची परीक्षा, सासूबाईंचा दवाखाना, गावाहून आलेले पाहुणे, कामवाल्या ताईंची सुट्टी, यातलं काहीही आलं की घरातल्या बाईच्या दिवसात पहिली कात्री लागते ती तिच्या व्यायामाला. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगानं होते. म्हणजे ज्या वयात व्यायाम सर्वात जास्त सुटतो, त्याच वयात त्याची गरज वाढत असते.

किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे प्रकार करावेत. मध्यम म्हणजे असा वेग, की चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. सलग १० मिनिटं तरी व्यायाम व्हायलाच हवा, ही जुनी अटही आता राहिलेली नाही.

‘मी तर दिवसभर पायांवरच असते,’ असं अनेकजणी म्हणतात. दम लागेल असं घरकाम हालचालीत नक्की धरा. पण ओट्याजवळ तासभर उभं राहिल्यानं ना दम वाढतो, ना स्नायूंना बळ येतं. त्यासाठी उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्यानं भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या उचलणं, असे प्रकार हवेत. यासाठी जिमची फी भरावी लागत नाही.

वेळेला कामाची जोड द्या

‘उद्यापासून रोज व्यायाम करीन’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात केव्हा आणि कुठे हे ठरलेलंच नसतं. ‘मुलांची स्कूलबस गेली की घरी न परतता तशीच २० मिनिटं चालेन’ हा संकल्प टिकण्याची शक्यता जास्त. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करेन’ पद्धतीच्या ठरवण्यावर बरंच संशोधन केलं आहे. रोज नेमानं होणारं एखादं काम निवडा आणि व्यायाम त्याला जोडा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उठाबशा, संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की गच्चीवर फेऱ्या. बूट आणि कपडे रात्रीच काढून ठेवा. सकाळी शोधाशोध करावी लागली, की मन लगेच माघार घेतं.

२१ दिवसांचा हिशेब विसरा

२१ दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. तेव्हा २२व्या दिवशी कंटाळा आला, तर आपल्यातच काही खोट आहे असं समजू नका. याच अभ्यासात आणखी एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

खरा धोका असतो तो ‘आता मोडलंच आहे, तर सोमवारपासून बघू’ या विचाराचा. म्हणून स्वतःसाठी दोन व्यायाम ठरवून ठेवा. एक नेहमीचा, अर्ध्या तासाचा. दुसरा धावपळीच्या दिवसाचा, पाच मिनिटांचा. घरात लग्नकार्य असो की दिवाळीचा फराळ, चार सूर्यनमस्कार होतातच. तेवढ्यानं वजन उतरणार नाही, पण व्यायामाशी नातं तुटत नाही. पावसाळ्यात चालणं बंद पडतं, त्यासाठी घरातला पर्याय जून उजाडण्याआधीच ठरवा.

घरच्यांनाही सामील करून घ्या

तुमची वेळ घरात जाहीर करा आणि त्या वेळेपुरतं एखादं काम दुसऱ्याकडे सोपवा. चहा नवऱ्यानं ठेवला किंवा मुलानं स्वतःचा डबा भरला, तर कुणाचं अडत नाही. शेजारणीबरोबर चालायचं ठरवलं, तर ती खाली थांबली आहे या विचारानंच पाय घराबाहेर पडतात. कॅलेंडरवर व्यायामाच्या दिवसावर खूण करा. वजनकाटा महिनाभर हलला नाही, तरी खुणांची रांग वाढताना दिसते.

पंधरा-वीस दिवसांचा खंड पडलाच, तर आधीच्या निम्म्यानं सुरुवात करा आणि आठवड्यागणिक थोडं वाढवा. पहिल्याच दिवशी भरपाई करायला गेलात, तर अंग दुखून पुन्हा खंड पडेल. रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या.

आज मॅट कपाटामागून काढून उघड्यावर ठेवा. सोमवारची वाट पाहू नका.